अंगठा

पौड रोडला, डाव्या हाताला, मेडिकलच्या मागं
चार मजल्यांची एक सोसायटी उतरवतायत.
नाव अजून फाटकावर आहे, ‘स्नेहांकित’,
शेवटचा ‘त’ तेवढा पडलाय.
माझं काम पाणी मारायचं.

लखिंदर मशीनवर. त्याला काचेची केबिन, आत गार वारा.
ब्रेकरची चोच स्लॅबला लागायच्या आधी
माझी धार तिथं पोचली पाहिजे.
आधी.
मागून मारलेलं पाणी म्हणजे वरातीमागून घोडं.
पाईपच्या तोंडावर अंगठा असा तिरपा दाबला
की धारेचा पंखा होतो.
नोझल आहे, स्टोअरमध्ये. सही लागते.

सेफ्टीचा साहेब आला होता, आगाशे, बूट नवेकोरे.
म्हणाला, दिसते ती धूळ नाकात अडते,
दिसत नाही ती खाली उतरते.
कोरडं झाडू नका म्हणाला, आधी ओलं करा.
आम्ही बायका हसलो.
साहेब, सडा टाकल्याबिगर अंगण झाडलं
तर आई मनगट धरून परत झाडायला लावायची.
त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

मग मास्क आले, वाटीसारखे.
इरण्णाला नुकती दाढी फुटलेली, जपत होता.
साहेब म्हणाला, केसांतून हवा शिरते, काढ.
तीन दिवस रुसला.
चौथ्या दिवशी आला ते कोवळं तोंड घेऊन
आणि कुणी काही बोललं नाही.
रस्त्यावरून पोरी जातात स्कूटरवर,
डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत.
त्यांना वाटतं झाकलं. मलाही वाटायचं.

बाप वाघोलीच्या क्रशरवर होता.
संध्याकाळी यायचा तो राखाडी, पापण्यासुद्धा.
आम्ही भूत भूत करत बिलगायचो
आणि तो आमच्या केसांना लागायचा, पिठासारखा.
मग खोकला. मग टीबीच्या गोळ्या, सहा महिने.
परत सहा महिने.
थुंकीत टीबी कधी सापडलाच नाही.
लोक छातीवर दगड ठेवतात म्हणे.
त्याच्या आत गेला,
चिमटी चिमटीनं, बावीस वर्षं.

परवा टँकर आला नाही.
सुपरवायझर म्हणाला, चालू कर, तासाभराचंच आहे.
मी कोरडा पाईप धरून उभी.
बोलायला मला येतं, पण हजेरी त्याच्या हातात.
लखिंदरनं माझ्याकडं बघितलं, मग खाली इरण्णाकडं.
तो सळया कापत होता, त्याला कुठली केबिन.
लखिंदरनं किल्ली काढली, उतरला,
तंबाखू मळत बसला एका पायरीवर
जी कालपर्यंत दुसऱ्या मजल्यावर जायची.
सव्वाबाराला टँकर.
अर्धा दिवस कापला, दोघांचाही.

भिंत फुटते तेव्हा मी बघते.
आत वाळू आहे, भीमेची असेल, नाहीतर घोडची.
उपसली तेव्हा ओली असणार.
मग चाळीस वर्षं कुणाच्या देवघरामागं,
कुणाच्या कॅलेंडरमागं, कोरडी.
पाणी लागलं की रंग बदलतो तिचा,
गप खाली बसते
ओळख पटल्यासारखी.

सुटताना नळावर तोंड, हात, केस.
साडीवरचा शर्ट पिशवीत, पिशवीला गाठ.
पाळणाघराच्या दारात पोरगी उभी असेल,
तिला बिलगायचंय.
पण गेटवर ते हजेरीचं यंत्र.
दिवसभर पाण्यात सुरकुतलेला अंगठा
त्याला ओळखू येत नाही.
पुन्हा ठेवा, म्हणतं. पुन्हा ठेवा.
मागं रांग चुळबुळते.
मी पदराला पुसते, फुंकर घालते,
पुन्हा ठेवते.